माफी दिली, आता सहीही द्यायची का?

मिरजेहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून मुख्य भाग तेवढा देते.

"ताई, ख्रिस्तात सलाम. मी नर्स होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या धाकट्या भावाने पूर्वी सांगलीतल्या एका पतसंस्थेतून धंद्यासाठी चार लाखांचं कर्ज काढलं होतं. जामीनदार दोघं: मी आणि कुपवाडच्या कारखान्यातला त्याचा जुना सहकारी (तो आपल्या मंडळीतला नाही). वर्षभरात भावाने हप्ते थांबवले. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढला आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली. निवृत्तीच्या तोंडावर शेवटची रक्कम फिटली. व्याजासकट माझे दोन लाख ऐंशी हजार गेले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडली. त्या दिवसांत भाऊ समोरून आला तर गल्ली बदलायचा.

आता तो बदलला आहे. दारू सुटली, उपासनेला नेमाने येतो. यंदाच्या उपवासकाळात प्रार्थनासभेत उभं राहून त्याने साक्ष दिली आणि शेवटी म्हणाला, 'अक्काने मला क्षमा करावी.' सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात तो फॉर्म घेऊन घरी आला. भाच्याला फार्मसीला घालायचंय, पाच लाखांचं कर्ज, दुसरी पतसंस्था, जामीनदार मी. 'पगार नसला तरी तुझ्या नावावर घर आहे, उतारा चालतो,' म्हणाला. मी नाही म्हटलं, तर म्हणतो, 'मग सभेत मान कशाला डोलावलीस?'

पाळकसाहेब म्हणतात, क्षमा अर्धी नसते. त्यांनी रविवारी 'येशू आपला जामीन झाला' यावर प्रवचनही केलं, नाव न घेता. आई भावाकडे सांगलीत असते, ब्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणते, माझे डोळे मिटायच्या आत एक व्हा. मी नाताळलाही तिकडे गेले नाही. प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋण सोडण्याची ओळ आली की माझं तोंड मिटतं. प्रभुभोजन कित्येक महिन्यांत घेतलेलं नाही. मला एवढंच सांगा: मी क्षमा केली आहे की नाही? आणि केली असेल तर सही करायला हवी का?"

ताई, सही करू नका. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझं उत्तर वाचून संपायच्या आत तुम्ही पेन शोधायला उठाल अशी मला धास्ती वाटते. तुमच्यासारख्या बायका एकदा कसंबसं 'नाही' म्हणतात आणि मग रात्रभर त्या 'नाही'बद्दलच देवाची माफी मागत बसतात.

सांगली-मिरजेकडे, आणि आमच्या साताऱ्यातही काही निराळं नाही, कायम नोकरीतल्या बाईच्या पगाराच्या स्लिपेवर अख्ख्या भावकीचा डोळा असतो. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, पुढे तिथे परिचारिकांच्या पिढ्या तयार झाल्या. मिशनच्या शाळा आणि दवाखान्यांमुळे आपल्या समाजातल्या बायकांच्या हातात पगार आला, ही केवढी मोठी गोष्ट. पण पगाराच्या पाठोपाठ जामीनही दारात आला. 'नुसती सही तर करायचीय' हे वाक्य कधीच न ऐकलेली नोकरदार बाई कुणी मला दाखवावी.

नुसती सही म्हणजे काय असतं ते तुम्ही भोगलं आहे, तरी इतर वाचकांसाठी सांगते. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १२८ प्रमाणे कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. संस्थेने आधी कर्जदाराचा पिच्छा पुरवावा, तो अगदीच हाती लागला नाही तर मग जामीनदाराकडे वळावं, असा क्रम त्यात नाही. पगारातून परस्पर पैसे येत असतील तर वसुली अधिकारी कशाला कुणाच्या मागे उन्हातान्हात फिरेल? या खेपेला तर पगार नाही, राहतं घर आहे.

आणि बायबल? क्षमेच्या नावाखाली जामीन मागणाऱ्या मंडळींनी नीतिसूत्रं उघडून बघावीत. जामिनाचा विषय तिथे पुन्हा पुन्हा येतो, सहाव्या अध्यायात, अकराव्यात, सतराव्यात, बाविसाव्यात. सहाव्यात तर अशी घाई आहे की वाचताना धाप लागावी: शेजाऱ्यासाठी जामीन राहून अडकला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटावी तसा सुटून जा. बाविसाव्यात प्रश्न विचारलाय की फेडायला तुझ्याकडे काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का ओढून न्यावं? आपल्याकडे नीतिसूत्रांवर प्रवचनं थोडी होत नाहीत. जिभेवर होतात, आळशावर आणि मुंगीवर होतात, सद्गुणी स्त्रीवर तर ठरलेलीच. जामिनावर प्रवचन झालेलं मात्र मी ऐकलेलं नाही.

पाळकसाहेबांनी सांगितलं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात येशू अधिक चांगल्या कराराचा जामीन झाला असं आहेच. पण तो स्वतःहून झाला, किंमत पुरती ठाऊक असताना झाला, आणि ती भरायला समर्थ होता. प्रेषित पौलानेही अनेसिम या दासासाठी त्याचा धनी फिलेमोन याला लिहिलं, की त्याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, हे मी माझ्या हाताने लिहितोय. पौलाला सभेत उभं करून, चारचौघांच्या नजरा लावून, कुणी ते लिहून घेतलं नव्हतं. तेव्हा जामीन राहणं पाप आहे असंही नाही. ज्याला झेपतं आणि जो आपणहून पुढे होतो, त्याने राहावं. तुम्हाला झेपत नाही. संपलं.

मला खरं तर यहूदाबद्दल बोलायचंय. तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणारा यहूदा नव्हे, याकोबाचा मुलगा यहूदा. योसेफाला खड्ड्यात मारून टाकण्यापेक्षा इश्माएली व्यापाऱ्यांना विकू या, ही कल्पना त्याची. वीस रुप्याच्या नाण्यांत भाऊ विकला. पुढे दुष्काळ पडला आणि हेच भाऊ धान्यासाठी मिसरात मोठा अधिकारी झालेल्या योसेफापुढे येऊन उभे राहिले. त्याने त्यांना ओळखलं, त्यांनी त्याला नाही.

योसेफाची क्षमा आपण फार पटकन गळाभेटीपर्यंत नेऊन पोचवतो. मधले अध्याय शांतपणे वाचून बघा, उत्पत्तीचे बेचाळीस ते पंचेचाळीस. तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलतो, त्यांची भाषा येत असूनही. त्यांच्यापासून बाजूला जाऊन रडतो. पुढे पुन्हा भरून येतं तेव्हा खोलीत जाऊन रडतो, तोंड धुतो, बाहेर येऊन जेवण वाढायला सांगतो. त्यांना उपाशी ठेवत नाही, त्यांचे पैसे गुपचूप त्यांच्याच पोत्यांत परत घालतो. म्हणजे सूड त्याच्या मनात नाही. पण 'मी योसेफ' हे मात्र तो सांगत नाही, बराच काळ सांगत नाही. ज्यांनी एकदा विकलं ते आज कसे आहेत, हे त्याला बघायचं आहे. शेवटी धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत योसेफानेच ठेववलेला त्याचा प्याला सापडतो आणि त्याच्यावर गुलामीची पाळी येते. आता हेही पोर सोडून भाऊ निघून जातील का? तेव्हा यहूदा पुढे येतो. म्हणतो, बापाजवळ मी या पोराचा जामीन राहिलोय, त्याला जाऊ द्या, त्याच्या जागी मला ठेवून घ्या. हे ऐकल्यावर योसेफाला राहवत नाही, सगळ्यांना बाहेर काढून तो मोठ्याने रडतो.

भावाला विकणारा माणूस बदलला, हे योसेफाला कशावरून कळलं? तो दुसऱ्या भावासाठी स्वतः जामीन राहिला होता आणि वेळ आल्यावर त्याने शब्द पाळला. तुमचा भाऊ बदललोय म्हणतो आणि जामीन पुन्हा तुम्हालाच मागतो. त्याची दारू सुटली ही लहान गोष्ट नाही, तिला नावं ठेवू नका. ज्या घरात दारू होती त्या घरालाच तिच्या सुटण्याची किंमत कळते. पण दारू सुटणं हे त्याच्या बायकोमुलांना मिळालेलं दान आहे. तुमच्याशी त्याने जे केलं त्याचा हिशेब अजून उघडलेलाच नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. तो जास्त अवघड आहे आणि तिथे मी तुम्हाला सूट देणार नाही.

सभेत मान डोलावलीत ती क्षमा नव्हती, ती तुमच्याकडून घेतलेली हजेरी होती. येशूने सांगितलेला रस्ता उलटा आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. उठून जायचं आहे ते ज्याने दुखावलं त्याने, आणि जायचं आहे दुखावलेल्याच्या दारी. तुमच्या भावाने दार सोडून थेट वेदी गाठली. साक्ष देणाऱ्या माणसाला मंडळीत टाळ्या मिळतात, पण बहिणीच्या ओट्यावर उभं राहून 'अक्का, तुझे इतके पैसे मी बुडवले' म्हणायला टाळ्या नसतात, म्हणून तो प्रवास लांबचा वाटतो.

तरीही मार्ककृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय तुमच्या वाट्याचा आहे. प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर त्याची क्षमा करा. तिथे समोरच्याने आधी माफी मागितली पाहिजे अशी अट नाही. पैसे परत आले पाहिजेत अशी तर नाहीच. आणि निर्दय चाकराचा दाखला आपल्या सगळ्यांच्याच मानेवर बसलेला आहे: राजाने ज्याचं दहा हजार तलांतांचं देणं सोडलं, त्याच चाकराने शंभर दीनारांसाठी सोबत्याची मानगूट धरली. त्या दाखल्याबद्दल एक सांगते, कारण प्रवचनांत ते बहुतेक वेळा निसटतं. दहा हजार तलांत ही राजाची रक्कम इतकी अफाट की तिच्यापुढे शंभर दीनार आपल्याला चिल्लर वाटतात. पण एक दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची दिवसाची मजुरी. शंभर दिवस राबून मिळणारे पैसे! ज्याचे बुडाले त्याच्या घरात चूल थंड झाली असेल. येशूने मुद्दाम अशी रक्कम घेतली की जी बुडाली तर लागते. तुमचं नुकसान किरकोळ आहे, सोडून द्या, असं तो दाखला सांगत नाही. नुकसान खरंच झालंय, आणि तरीही कुणाच्या मानगुटीला धरू नकोस, एवढंच सांगतो.

मग करायचं काय? 'देवावर सोपवा' असं सगळे म्हणतात, पण सोपवतात कसं ते कुणी दाखवत नाही. मला सुचतं ते सांगते. एकदा एकटीने बसून देवापुढे पूर्ण हिशेब मांडा. आकडा गोल करू नका. दोन लाख ऐंशी हजार. मुलीची एफडी. त्याने बदललेली गल्ली. तुम्हाला सर्वांत जास्त काय लागलंय ते मला पत्रावरून कळतं आहे, आणि ते पैसे नव्हेत. मांडून झाल्यावर म्हणा, प्रभू, याचा सूड मी घेणार नाही. मग रोजच्या वागण्यात त्याला जागा करा. लग्नाच्या मांडवात, महिला मंडळात ती गोष्ट पुन्हा सांगायची नाही, कुणी उकरून काढली तरी. त्याचा धंदा बसला असं कानावर आलं तर आतून बरं वाटू द्यायचं नाही. वाटलंच तर ओळखायचं, की हे उरलेलं आहे. भाच्याच्या प्रवेशासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. एखाद्या सकाळी पुन्हा संताप उसळेल. त्यामुळे केलेली क्षमा रद्द होत नाही. पेत्राने सात वेळा पुरे का असं विचारलं, तेव्हा साताच्या सत्तर वेळा सांगणाऱ्याला माणसाच्या मनाची उसळी चांगली ठाऊक होती.

हे सगळं केल्यावरही त्याच्यावर विश्वास ठेवणं हा वेगळा विषय राहतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढा. पौल कैदेत आहे, शेवट जवळ आलेला दिसतोय, आणि तो एकेका माणसाबद्दल लिहितो. माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी सगळ्यांनी मला सोडलं, ते त्यांच्याकडे मोजलं जाऊ नये, असं म्हणतो. केवढी मोठी क्षमा! पण त्याच्या जरा आधीच आलेक्सांद्र तांबटाबद्दल म्हणतो, त्याने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याला त्याच्या कर्मांप्रमाणे फळ देईल, तूही त्याच्यापासून जपून राहा. सूड देवाकडे सोपवला आणि त्याच दमात तरुण सहकाऱ्याला सावधही केलं. आणि त्याच अध्यायात मार्कही आहे. हाच मार्क पूर्वीच्या प्रचारदौऱ्यात पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेला होता, पुढच्या प्रवासाला त्याला घ्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा भांडून वेगळे झाले होते. आता पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काने पुन्हा पुन्हा काम करून दाखवलं असणार. तिघांनाही एकाच मापाने मोजलं नाही म्हणून पौलाची क्षमा अर्धी होती, असं म्हणायचं धाडस पाळकसाहेब करतील का?

तुमचा भाऊ तांबट आहे की मार्क, हे मला माहीत नाही. तुम्हालाही आत्ता कळणार नाही. तो मार्क असावा अशी इच्छा धरायची, पण तसा असल्यासारखी सही करायची नाही.

पैशाबद्दल बोलायला आपल्यात संकोच वाटतो, विशेषतः प्रार्थना करून झाल्यावर. पण मोशेच्या नियमशास्त्राला संकोच नव्हता. गणनाच्या पाचव्या अध्यायात आहे, की कुणी दुसऱ्याचा अपराध केला तर त्याने पाप कबूल करावं, भरपाई पुरती करावी आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याचं नुकसान केलं त्याला द्यावं. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराला तर कुणी मागितलंही नाही, त्याने आपणहून चौपट जाहीर केलं, आणि येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. तुमच्या भावाच्या साक्षीत रक्कम किती होती? तुमच्या पत्रात तरी एक रुपयाही नाही.

म्हणून या वेळी सही त्याने करायची. साधा कागद चालेल, पण मजकूर वकिलाकडून बघून घ्या: मी अक्काचे अमुक इतके देणं लागतो, दरमहा इतके फेडीन. महिना दोन हजार का होईना. कायद्याची बाजू अशी की जामीनदाराने भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क करार कायद्याचं कलम १४५ देतं, पण दाव्याची मुदत रक्कम भरल्यापासून तीन वर्षांची असते. तुमची शेवटची कपात होऊन दोन वर्षं झाली, म्हणजे आधीच्या बऱ्याच कपातींची मुदत उलटलेली असणार. मात्र मुदत गेलेलं देणं फेडण्याचं वचन कर्जदाराने लेखी, स्वतःच्या सहीने दिलं तर कलम २५ प्रमाणे ते ग्राह्य धरलं जातं. तेव्हा उशीर करू नका.

कोर्टात जा, असं माझं म्हणणं नाही. विश्वासणाऱ्या भावांनी एकमेकांना कोर्टात खेचलेलं पौलाला खपत नव्हतं. करिंथकरांना तो चिडून विचारतो, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? तर मग असू द्या ना शहाणे. पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या एखाद्या जाणत्या वडिलांना घरी चहाला बोलवा, भावालाही बोलवा, आणि त्यांच्या देखत तो कागद होऊ द्या. समेट व्हावा अशी पाळकसाहेबांची मनापासून इच्छा असेल तर साक्षीदार म्हणून सही करायला ते नाही म्हणणार नाहीत. पुढे कधी तुम्हाला वाटलं की उरलेलं सगळं सोडून द्यावं, तर खुशाल सोडा. त्या दिवशी तो कागद त्याच्या हातात देऊन टाका. पण ज्याने देणं आहे हेच कधी कबूल केलं नाही, त्याला ते माफ तरी कसं करणार?

प्रभुभोजन येत्या वेळी घ्या. अयोग्य प्रकारे भाकर खाण्याबद्दलची ती कडक वचनं करिंथच्या मंडळीला लिहिलेली आहेत. तिथे काही लोक आधीच येऊन खाऊनपिऊन घ्यायचे आणि गरीब भाऊ उपाशी राहायचे, म्हणून पौल संतापला होता. आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं, असं तो लिहितो. परीक्षा करून घरी बसावं, असं नाही. आणि ऋणाच्या ओळीवर तोंड मिटतं म्हणता, तर या रविवारी ती ओळ हळू आवाजात का होईना म्हणा. म्हणताना खोटं वाटलं तरी म्हणा. ती प्रार्थना आहे, तुमच्या प्रगतीचा दाखला नव्हे.

आईकडे जा. कागद होवो न होवो, भाऊ बोलो न बोलो. नाताळची वाट बघू नका, मिरजेहून सांगली किती लांब आहे? मात्र आईला वकील करू नका, आणि तिला तुमच्यावर वकिली करू देऊ नका. 'आई, मी त्याच्यावर रागावून राहणार नाही, पण सही करणार नाही' एवढं एकदा सांगा आणि तिच्या औषधांकडे वळा. एकत्र यायचं म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं पाहिजे, असा हट्ट धरला की माणसं एकत्र येतच नाहीत. साताऱ्यात १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' ही येशूच्या अनुयायांची संघटना सुरू करणारे नारायण वामन टिळक आपल्याला त्यांच्या अभंगांमुळे ठाऊक आहेत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं घर उभं फुटलं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या, पण आल्या आल्या सोवळं-ओवळं टाकलं नाही. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटल्यावर. नवऱ्याच्या घरी येणं आणि त्याचं सगळं मान्य करणं या दोन गोष्टींमध्ये त्यांनी वेळ जाऊ दिला. तुम्हीही द्या.

भाच्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या मनात तो आहे, नाहीतर एवढं लांब पत्र लिहिलं नसतंत. त्या पोराने काही बुडवलेलं नाही. शिक्षणासाठी पतसंस्थेच्या दारात जायची गरजच काय? बँकांच्या शैक्षणिक कर्जांना केंद्र सरकारची पतहमी योजना आहे, तिच्यात साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन लागत नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो. सहकर्जदार म्हणून आई किंवा वडील लागतात. तुमच्या भावाचं सिबिल खराब असेल तर बँक का-कू करील, तेव्हा भावजयीचं नाव घालून बघायला सांगा. त्या पोराला घेऊन बँकेत तुम्ही स्वतः जा, अर्ज भरायला मदत करा. पहिल्या वर्षाची पुस्तकं आत्याकडून. जे परत आलं नाही तरी तुमची झोप उडणार नाही तेवढंच द्या, आणि देताना उसने म्हणून देऊ नका.

आणि तो कुपवाडचा सहकारी. तुमच्या अख्ख्या पत्रात त्याच्यावर अर्धी ओळ आहे. दुसरा जामीनदार म्हणजे त्याच्याही पगाराला कात्री लागली असण्याची शक्यता आहे, त्याच्याही घरात काहीतरी मोडलं असेल. तो आपल्या बाकावर बसत नाही, म्हणून भावाच्या साक्षीत त्याचं नाव आलं नाही. त्याच्याकडे कुणी सभेत वळून बघितलं नाही. कागद होईल त्या दिवशी भावाला विचारा, त्या माणसाचे किती गेले, आणि ती रक्कमही दुसऱ्या कागदावर लिहायला लावा. तो कागद घेऊन भावाने स्वतः त्याच्या घरी जायचं, प्रार्थनासभेचं निमित्त न करता. गेला की नाही, तेवढं मला कळवा.